घावनानांचा दृष्टांत

घावनानांना स्वप्नं पडत नसत. एखाद्याला वांगं चालत नाही किंवा बसमध्ये मळमळतं, हे जसं तो सहज सांगून टाकतो, तसं नाना हे सांगत. "मी पडलो की दगड," म्हणत. "खरं सांगतो गुरुजी, उभ्या जन्मात एक सपान नाय बघितलं." काकी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढूनच दुजोरा देई, "खरं हाय ते. यांच्या उशाशी ढोल वाजवा, कूस बदलायचे नाय." मग आम्ही तिघं हसायचो. ह्याच एका गोष्टीवरून पुढे त्या घराची काय दशा होणार आहे, हे तेव्हा आम्हाला कुठून कळणार?

मी महाडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदली होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर गेलो, तेव्हा शाळेला कुलूप होतं. वाटेतल्या एका बाईला चावीचं विचारलं तर ती म्हणाली, "घावनानांकडं हाय." आता आम्हा कोकणातल्या माणसांना 'घाव'च्या पुढे 'ना' ऐकू आला की तव्यावरचं घावनच आठवणार. त्यात मी सकाळपासून उपाशी. मला वाटलं, म्हाताऱ्याला घावनं आवडत असतील म्हणून नाव पडलं असेल. चावी मागायला गेलो आणि भोळेपणानं विचारून बसलो, "आज केलीत का घावनं?" काकी पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण तिनं तांदळाचं पीठ कालवलं आणि मला चार घावनं खाऊ घातली. मग नानांनी नावाचा उलगडा केला. शिमग्याला वाडीची होळी म्हणून जे झाड तोडायचं, त्याच्यावर पहिला घाव घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. घावाचे मानकरी, म्हणून घावनाना.

मी बौद्ध. वाडीतल्या एकदोन घरांत सुरुवातीला माझ्यासाठी वेगळा कप असायचा. तो वेगळा आहे हे मला कळत नाही, असा त्यांचा समज होता आणि मीही तो समज मोडला नाही. नानांच्या घरी मात्र तीनच कप होते आणि तिन्हींचे कान तुटलेले, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही. मी शनिवारी दुपारी खाली महाडला उतरायचो, रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचो आणि सोमवारी पुन्हा वर. नानांना ह्याची गंमत वाटे. "काय बोलता तिथं?" त्यांनी एकदा विचारलं. मी पंचशील सांगितलं. जीवहिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असं करत चौथ्यापाशी, म्हणजे खोटं बोलणार नाही इथपर्यंत आलो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "दर रविवारी बोलायला लागतं? म्हणजे आठवडाभर टिकत नाय तर!" त्यानंतर सोमवारी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गुरुजी, आज ताजं ताजं खरं बोलणार ना?"

कुऱ्हाड त्यांच्या खांद्याला कायम असायची, पण ती चालवण्याची घाई नसे. झाड तोडायचं झालं तर आधी कुऱ्हाड उलटी धरून बोथट पाठीनं खोडावर एकदा ठोकायचे आणि कान लावायचे. भरीव झाड कसं वाजतं, आतून पोकळ झालेलं कसं वाजतं, हे त्यांना आवाजावरून कळे. जळणासाठी फांदी उतरवतानाही हाच रिवाज. "तोडायच्या आधी विचारायला नको?" म्हणायचे. झाड काय उत्तर देतं, असं मी चेष्टेनं विचारी. "भरीव असलं तर 'नको' बोलतं, पोकळ असलं तर 'चल' बोलतं," असं त्यांचं त्यावर उत्तर होतं.

होळीला मात्र हा रिवाज चालत नसे, कारण होळीला सावरच, म्हणजे काटेसावर, लागे, आणि तीही सरळसोट, भरीव, ऐन भरातली. देवी काळकाईला नारळ ठेवायचा, ढोल वाजवत सगळी वाडी रानात जायची, नानांनी पहिला घाव घालायचा, मग बाकीच्यांनी झाड आडवं करायचं आणि खांद्यावर नाचवत देवळासमोर आणायचं. ज्यांनी सावर पाहिली आहे त्यांना सांगायला नको. शिमग्याच्या सुमाराला तिच्यावर एक पान नसतं, नुसती लालभडक फुलं. म्हणजे झाड तोडलं जायचं ते फुलांसकट. वाटेवर फुलांचा सडा पडायचा आणि पोरं ती वेचायची.

एकदा त्याच दिवसांत मी मुलांना परिसर अभ्यासाचा तास म्हणून एका सावरीखाली नेऊन बसवलं. मैना, बुलबुल, कावळे, दोन खारी, शिवाय मला नाव न सांगता आलेले तीन पक्षी, सगळे त्या एका झाडावर जेवत होते. नाना तिथून चालले होते, तेही पोरांत येऊन बसले. मला काय सुचलं कोण जाणे, मास्तरकी अंगात आली. मी म्हणालो, "नाना, रानात जेव्हा दुसरं काही नसतं तेव्हा हे झाड सगळ्यांना खाऊ घालतं. आणि तुम्ही ते नेमकं त्याच महिन्यात तोडता. शिवाय उतारावरची माती धरतात ती ह्याचीच मुळं. दर वर्षी एक भरीव झाड गेलं, तर हा डोंगर कशानं उभा राहणार?" मुलांसमोर असं बोलायला नको होतं. नानांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि उठून गेले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आले. पायरीवर बसले. "तुमचं बोलणं पटलं," म्हणाले. "पण मानाचं काय करू? माज्या आज्यानं घाव घातला, बापानं घातला. मी बोललो मी घालत नाय, तर उद्या दुसरा कोणतरी घालील. झाड जाईल ते जाईलच, वर मान पण जाईल." मी सुधारणेवर एक छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग कुऱ्हाड मांडीवर घेऊन तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. जाताना म्हणाले, "उलटा घातला तर? घाव तर घाव झाला, आणि झाड पण राहिलं." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

पंधरवड्यानं देवळात गावकी बसली. गावकीच्या बैठकीत काय ठरलं ते वहीत मी लिहायचो, अक्षर बरं म्हणून. गावकीचे म्होरके भाऊ होते, शब्दाला पक्के आणि देवीच्या बाबतीत कडक. नानांनी उभं राहून सांगितलं, "देवीनं मला दृष्टांत दिला. होळीचं झाड उभंच माझ्या नावानं करा, बोलली. घाव उलटा घाला, नारळ द्या, लाल फडकं बांधा, त्या झाडाला मग कोणी कोयता लावायचा नाय. दर वर्षी एक झाड तिला द्यायचं. होम करायचा तो वाळल्या बांबूचा, पेंढ्याचा आणि घरटी एका सुक्या लाकडाचा." माझं पेन थांबलं. ज्या माणसाला जन्मात स्वप्न पडलं नाही, त्याला थेट देवी दिसली!

भाऊंनाही ती शंका आली. "नाना, तुला सपान पडत नाय असं तूच सांगत फिरतोस. साक्षीला कोण हाय?"

बायकांच्या बाजूनं काकी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. "मी हाय साक्षी," ती म्हणाली. "हे झोपेत मोठ्यानं बोलले. 'उलटा मार, उलटा मार' असं दोनदा बोलले. मी ह्या कानांनी ऐकलं."

काकीच्या शब्दाला वाडीत किंमत होती. कुणाच्या बाळंतपणात ती, कुणाच्या तंट्यात ती. भाऊंनी देवीकडे बघून हात जोडले आणि मला म्हणाले, "लिवा गुरुजी." मी लिहिलं. नानांना दृष्टांत झाला, काकी साक्षीदार, सर्वांना मान्य. हे सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात आहे.

बैठक मोडल्यावर मी त्यांच्या मागोमाग निघालो. नानांची मान खाली होती. "तू कशाला बोललीस गो? मी खोटं बोललो ते बोललो." काकी पुढे चालत होती, ती मागे वळलीसुद्धा नाही. "माणसांना काय सांगायचं ते मी सांगितलं," म्हणाली. "देवीला काय सांगायचं ते तुमी बघा." मग तिला माझी चाहूल लागली आणि ती हसली. "गुरुजी, तुमी काय ऐकलं नाय हां. तुमचा रविवार झालाय."

त्या शिमग्याला पहिला उलटा घाव पडला. कुऱ्हाडीच्या पाठीचा ठोका, ठप् असा, ओलसर. गर्दीत थोडी चुळबूळ झाली, कारण तोडलेलं झाड नाचवायला मिळालं नाही म्हणून तरणी पोरं नाराज होती. नानांनी त्यांना बांबू नाचवायला दिला आणि म्हणाले, "ह्याला काटे नायत, नाचा निवांत." पुढच्या वर्षी दुसरी सावर, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. लाल फडकं बांधलेलं झाड देवीचं झालं, मग त्याच्या आसपासच्या झाडांवरही कोयता उगारायला माणसं बिचकू लागली. आमच्या वृक्षसंवर्धनाच्या शासकीय फलकाखाली बकऱ्या चरत होत्या आणि इथे एका फडक्यावर काम भागत होतं. मला जरा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

नाना एकदा महाडला आमच्या विहारातही आले होते. मी तिथे दर बुद्धपौर्णिमेला पिंपळाची रोपं लावायला लावतो आणि ती दर उन्हाळ्यात मरतात, हे माझ्याकडून ऐकून होते. वंदना संपेपर्यंत बाहेर चपलांपाशी बसून राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "मला बोलता येत नाय तुमचं, चुकायला नको." मग सगळ्यांना उद्देशून एवढंच बोलले, "झाड सगळ्यांचं बोललात की ते कुणाचंच नाय. एकेका घराला मान द्या. ह्या झाडाचं पाणी ह्या घराचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. मान दिला की माणूस झाडाला मरू देत नाय, घरात पाणी नसलं तरी." आमच्या अध्यक्षांना 'मान' हा शब्द रुचला नाही. मानपानाच्या गोष्टींनी आमच्या बापजाद्यांना जे दिलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका ताईनं 'मान'च्या जागी 'पाळी' म्हणू या असं सुचवलं आणि ते चाललं. आता विहारामागे सात पिंपळ आहेत. मे महिन्यात नळाला पाणी नसतं तेव्हा बायका घरचा हंडा घेऊन येतात आणि पाळी चुकली तर भांडतात.

मग तो पाऊस आला. ज्या पावसात तळीये गावावर डोंगर आला, त्याच पावसात आमच्या वाडीच्या वरचाही एक कडा सुटला. मी तेव्हा महाडला होतो, माझ्याच घरात छातीइतकं पाणी होतं, रस्ते बंद, फोन बंद. वाडीचं कळलं ते चार दिवसांनी. घरं वाचली होती. गोठे गेले होते. काकी गाय सोडायला गोठ्यात गेली होती. गाय सुटली. काकी नाही.

मी चिखल तुडवत वर पोचलो तेव्हा पुन्हा दरड येईल ह्या भीतीनं सगळी वाडी माझ्या शाळेत राहत होती. नाना चौथीच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. मी शेजारी बसलो.  तेच बोलले. "तिनं खोटी साक्ष दिली ना, गुरुजी. देवळात उभी राहून. माज्यापायी."

मी सांगायला लागलो. किती पाऊस झाला, कडा आधीच कसा तडकलेला होता, झाडं असलेले डोंगरही त्या दिवशी कसे खाली आले. नानांनी हात वर केला. "तुमचं शास्त्र बरोबर असंल. खोटं बोललो मी. माती तिच्यावरच कशी आली, तेवढं सांगा."   

त्यांचा मुलगा विलास मुंबईत कुरिअरच्या गोदामात होता. रेल्वे सुरू झाल्यावर वीर स्टेशनला उतरला, रिक्षानं महाड, तिथून मिळेल तसा चालत आला. आईचं सगळं उरकलं होतं. तो बापाशी एक शब्द बोलला नाही. माझ्याशी मात्र बोलला. "गाववाले बोलतात, होळी मोडली म्हणून झालं. मी नाय मानत फालतू गोष्टी. पण ह्यांनी आईला मधी घ्यायला नको होतं. साक्षीबिक्षीच्या लफड्यात." गाववाले खरंच तसं बोलत होते. भाऊसुद्धा. पण भाऊंचे दोन बैल गेले होते आणि दुःखात माणूस काही ना काही धरायला बघतो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. दोष द्यायचाच तर एक मनुष्य होता. ज्यानं सावरीखाली मुलांसमोर शहाणपण शिकवलं होतं. दृष्टांत कुणी दिला, असं कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून बोललो नाही.

शिमगा जवळ आला तशी गावकी बसली. भाऊंनी सांगितलं, ह्या वर्षी जुन्या रीतीनं, सुलटा घाव, झाड आडवं करायचं. कुणी विरोध केला नाही. नानांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

होळीच्या सकाळी सगळे देवळासमोर जमले. नानांनी आंघोळ करून धुवट धोतर नेसलं होतं. ते पुढे झाले आणि कुऱ्हाड खांद्यावर घ्यायच्या ऐवजी त्यांनी ती देवीच्या पायरीवर ठेवली.

"मला काय बोलायचं हाय," ते म्हणाले. "मला दृष्टांत पडला नव्हता. मी खोटं बोललो. देवीसमोर बोललो."

ढोलवाल्याचा हात खाली आला. भाऊ काही बोलणार तेवढ्यात नाना पुढे म्हणाले, "पण आमच्या हिची साक्ष खोटी नाय. तिला पण मीच फसवलं. मी झोपेचं सोंग केलं आणि मुद्दाम मोठ्यानं बोललो, 'उलटा मार, उलटा मार'. तिला काय ठाऊक? तिनं ऐकलं ते खरंच ऐकलं. जे ऐकलं ते सांगितलं. तिच्या शब्दाला बट्टा नको. काय भोगायचं ते माझं." मग गर्दीत मला शोधून म्हणाले, "गुरुजी, वहीत लिवा. तिची साक्ष खरी होती असं लिवा."

ते सोंग झालंच नव्हतं. त्या दिवशी देवळातून परतताना काकी काय म्हणाली होती ते मी ऐकलं होतं, आणि मी ऐकलंय हे नानांना माहीत होतं. बायकोला सोडवण्यासाठी हा माणूस ज्या देवीला भीत होता तिच्याच समोर उभा राहून दुसऱ्यांदा खोटं बोलत होता. मी वही उघडली. साक्ष खरी होती, असं लिहिलं. अक्षर ह्या वेळी तेवढं सुवाच्य आलं नाही.

नाना कुऱ्हाडीपासून मागे सरले. "मान आता विलासचा," म्हणाले. भाऊंनी विलासला खूण केली. विलासनं कुऱ्हाड उचलली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला सांगता येत नाही. सगळी वाडी त्याच्या मागे रानाकडे निघाली, ढोल न वाजता. नाना आले, पण झाडापासून दहा पावलांवर थांबले आणि पाठ करून उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावर धरला.

झाड फुललं होतं. विलास धार पुढे करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. भाऊ म्हणाले, "घाल रे बाबा."

"आईनं काय ऐकलं होतं?" विलासनं मागे न बघता विचारलं.

 बायकांतून एक म्हातारी, जिच्या सुनेची तिन्ही बाळंतपणं काकीनं केली होती, ती म्हणाली, "उलटा मार, असं ऐकलंन तिनं."

"आणि तिनं ऐकलं ते खरं. वहीत लिवलंय ना गुरुजी?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

विलासनं हातातल्या हातात कुऱ्हाड फिरवली. धार मारली असती तर आवाज कोरडा आणि तीक्ष्ण आला असता. आवाज आला तो ठप् असा. दहा पावलांवर पाठ करून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बघावं लागलं नाही. त्याला झाडांचे आवाज कळत होते. तो तिथेच मटकन खाली बसला आणि टॉवेलात तोंड घालून इतक्या मोठ्यानं रडला की झाडावरचे पक्षी उडाले. भाऊंनी खिशातून लाल फडकं काढलं. ते त्यांच्या खिशात आधीपासून का होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यानंतर नानांनी कुऱ्हाड हातात धरली नाही. जळण विकत आणू लागले. वाडीत सगळे त्यांच्याशी बोलत, विलासही फोन करू लागला, पण खोटा दृष्टांत सांगणारा म्हणून देवळात ते आपणहून पायरीच्या खालीच बसत. माझी बदली महाडजवळच्या नाते गावी झाली. जाणं कमी झालं. पुढच्या एका श्रावणात विलासचा फोन आला की बाबांना महाडला दवाखान्यात आणलंय, श्वास पुरत नाही.

मी दुपारी गेलो. खाटेवर नाना फारच लहान दिसत होते. विलास औषधं आणायला खाली गेला. मला वाटलं, हीच वेळ. एवढी वर्षं छातीवर ठेवलेलं मी बोलून टाकलं. "नाना, ते सगळं तुमच्या डोक्यात मी घातलं. सावरीखाली. तुमचा काही दोष नाही, काकीचा तर नाहीच. असलाच तर माझा. मी तेव्हाच गावकीत उठून सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोमवारी सकाळी बघायचे, तसंच. "तुमी?" म्हणाले. "तुमी काय सांगणार होळीचं? तुमच्यात होळी नाय." श्वासासाठी थांबले. "मला दृष्टांत पडला होता, गुरुजी. देवी आली होती. सावरीखाली उभी होती, लाल लुगड्यात. उलटा मार, बोलली. मी झोपेत बोललो आणि हिनं ऐकलं."

ते मला सोडवत होते की खरोखरच त्यांना शेवटी ते स्वप्न पडलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी माझा हात धरला. हाताला जोर नव्हता, पण सोडेनात.

"पडला होता ना?"

मी स्वप्न मानत नाही, दृष्टांत मानत नाही. दर रविवारी खोटं बोलणार नाही असं म्हणत मी म्हातारा होत आलो आहे.

"हो नाना," मी म्हणालो. "पडला होता. मी आहे साक्षी."